इसाजीचं आढं

बुधाजी माजघरात चटईवर उताणा पडला आणि म्हणाला, "आता समद्यांनी भायेर जावा. दारं-खिरक्या लावून घ्या."

"झोपायचं असेल तर तसं सांग," मनासे म्हणाला. "जेवण तर झालंच आहे."

"छप्पर खालनं बगायचं असतं, मनासेशेट. वर चरून बगनारे निस्ती कवलां फोरतात."

पनवेलच्या आसपास कोणाला जुनं घर घ्यायचं असलं की तो आधी बुधाजीला घेऊन जायचा. बुधाजी भर उन्हाचा यायचा, काखेत स्वतःची चटई. घरात अंधार करायचा आणि पडून राहायचा. कौलात फट असली तर उन्हाची तिरीप त्याला ती दाखवायची, वासा दमलेला असला तर तापल्यावर कुरकुरायचा, आणि उरलेलं सगळं नाक सांगायचं. नेऱ्याला एका छपराखाली पडल्या पडल्याच तो म्हणाला होता, "यावर कावला बसला तं खाली येल." मालक हसला. पुढच्या आठवड्यात कावळा बसला. तो कावळा त्यानंतर कुठल्याही छपरावर उतरायच्या आधी एक पाय टेकवून चाचपून बघायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. मी थापा मारतो असं म्हणणारे पनवेलीत पुष्कळ आहेत. सगळे गळक्या घरात राहतात.

हे घर इसाजीचं. इसाजी पोस्टात होता, तो वारल्याला बरीच वर्षं झाली होती. आता त्याच्या मुलाने, मनासेने, इस्रायलला जायचं ठरवलं होतं. आमच्या आळीतली बेने इस्रायल, म्हणजे इथल्या ज्यूंची, घरं तेव्हा एकेक करून रिकामी होत होती. हे घर घ्यायला आला होता करंजाड्याचा मिठागरवाला भगवान, आणि बुधाजीला त्यानेच आणलं होतं. मी शेजारी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण सुरमईच्या कालवणाचा वास भिंत ओलांडून बोलवायला आला, त्याला नाही कसं म्हणणार?

मनासे, भगवान आणि मी ओट्यावर बसलो. इसाजीची बायको जोकबेदबाई मागे स्वयंपाकघरात राहिली. मी टेकलो ती जागा नेमकी दाराला लागून होती. फटीला मी कान लावला नाही. फटच कानाशी आली.

"कसं आहे रे छप्पर?" जोकबेदबाईचा आवाज आला, अगदी खालचा.

"बाय, असं छप्पर मी पनवेलीत दुसरं बगलं नाय."

"मग वाळवी लागलीय म्हणून सांग."

आत चटई करकरली, बुधाजी उठून बसला असावा.

"भगवानने घेतलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली. "घर विकल्याशिवाय मनासे हलणार नाही. हे इथे कबरस्तानात, मी तिकडे जाऊन काय करू? माझी बहीण गेलीय ना, अबीगेल, ती सांगत होती, तिकडच्या घरांना वर नुसतं सपाट असतं. उतारच नाही. असल्या घरात माणसाने पावसाळा काढायचा कसा?"

"बाय, मी बायकोशी खोटं बोललोय, फौजदाराशी बोललोय. छपराबद्दल कदी नाय बोललो."

"मी कधी तुझ्याकडे काही मागितलं का?"

"नाय. तुमच्या सनाला चिकाचा हलवा दरसाल दिलास, तो बी मी न मागता."

थोड्या वेळाने बुधाजीने दार उघडलं. भगवान उठून आत गेला, त्याच्यामागे आम्ही.

"काय रं?" भगवान म्हणाला. "सांग."

बुधाजीने वर बोट केलं. सगळं छप्पर ज्याच्या पाठीवर बसतं ते मधलं जाड लाकूड, ते आढं. "वालवी हाय. आतनं पोकल झालंय. नको घेऊस."

भगवान बुधाजीच्या शब्दापुढे जाणारा नव्हता. तो गुमान ओट्यावर येऊन चपला शोधायला लागला. मनासे मात्र होता तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. नोकरी सोडून बसलेला माणूस तो, त्याने कोणाकडे बघायचं?

काम झालं होतं. बुधाजी इथे गप्प बसता तर हे घर अजून जोकबेदबाईचं असतं. पण तो म्हणाला, "इसाजी पोस्टातला मानूस. पाकीट वलखील, लाकूर काय वलखनार? कोनीतरी फसवलाय त्याला."

हे कशाला बोललास, असं मी त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, "खोटं उबं केलं की त्याला टेकू लागतो. टेकू चुकीचा लागला." चुकून लागला की लावला, ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

"कोणाला फसवलं?" जोकबेदबाई उंबऱ्यात उभी होती, हातात डाव. "ते लाकूड ह्यांनी स्वतः निवडून गाडीवर घालून आणलंय. वाळवी लागू नये म्हणून दोन पावसाळे खाडीच्या चिखलात पुरून ठेवलं. पोस्टातून सुटले की आधी खाडी, मग चहा. लोक म्हणायचे, इसाजी खाडीत सासूला पुरून आलाय, वर येते का बघायला जातो. म्हणेनात का. त्या लाकडापायी मी नवी नवरी भाड्याच्या खोलीत राहिले. आणि हा म्हणतो, फसवलं."

"आई," मनासे म्हणाला.

तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. तिने बुधाजीकडे पाहिलं. बुधाजी जमिनीकडे बघत होता.

डाव तिने कोनाड्यात ठेवला. "कोपऱ्यातला बांबू घे," ती म्हणाली. "ठोक."

बुधाजीने बांबूच्या टोकाने आढ्यावर ठोकलं. असा खणखणीत आवाज निघाला की पार करंजाड्यात चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. भगवानने एका पायात घातलेली चप्पल परत काढली.

"बुधाजी, वालवी कंची रं?"

"अंदारात चुकलो."

"तू?"

"मी."

भगवानला काय कळलं ते त्याचं त्याला ठाऊक. पुढे त्याने विचारलं नाही.

"दर वैशाखात कौलं चाळून घेत जा," जोकबेदबाई त्याला म्हणाली. "आळस करू नकोस."

"घेईन, बाय."

झाला व्यवहार. मनासे डोळे पुसत उठला. बुधाजी चटई गुंडाळायला वाकला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे जरा."

"कशाला, बाय?"

"इतकी वर्षं या घरात मी खाली बघूनच वावरले. चुलीकडे, पाट्यावरवंट्याकडे, पोरांकडे. वर कधी बघितलंच नाही."

बुधाजीने आम्हाला बाहेर काढलं. खिडक्या त्याने आपल्या हाताने एकेक करून लावल्या. तो दार ओढून घेत असताना मला दिसलं, लुगडं पावलांवर ओढून घेऊन ती चटईवर उताणी झाली होती.

कबजा कधी द्यायचा हे विचारायला भगवान दाराशी आला. बुधाजी दाराला पाठ लावून बसला होता.

"थांब," तो म्हणाला. "पाहनी चालू हाय."

मी फटीपासून सरकून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.