चांदभाईंविरुद्ध माझी तक्रार

सेहेचाळीस साली चांदभाईंनी जाहीर केलं, की भिंगारच्या आमच्या फुटबॉल क्लबची उस्तादी ते सोडणार आणि पुढच्या उस्तादाचं नाव बैठकीत सांगणार. उस्ताद म्हणजे संघ निवडणारा, पळवून पळवून घाम काढणारा, क्लबचा एकुलता एक पगारी माणूस. ती जागा मला हवी होती. लाजायचं कशाला? माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या भिंगारात नव्हता.

पण चांदभाईंचा पुतण्या फक्रुद्दीन आमचा सेंटर फॉरवर्ड. घरचं माणूस सोडून ते माझ्यासारख्या लष्करी कोठारातल्या कारकुनाला कशाला नेमतील? त्यात वर्षभर म्हाताऱ्याने मला छळलं होतं. सरावाला अर्धा तास उशिरा यायचे. सगळे ताटकळायचे, म्हणून शिट्टी मीच फुंकायचो. सामन्याच्या आदल्या दिवशी यांना हमखास केडगावला पाहुण्यांकडे काम निघायचं. मग संघ मी निवडायचा आणि वगळलेल्यांच्या शिव्याही मीच खायच्या.

बैठकीत अध्यक्ष आप्पासाहेबांनी नाव विचारलं. चांदभाई मिशीला पीळ देत बसले. माझं डोकंच फिरलं.

"आप्पासाहेब, हे काय नेमणार! वर्षभर वेळेवर आलेत कधी? संघ मी निवडला. मागची फळी मी बदलली. भांडणं मी मिटवली. उस्तादांनी नुसता चहा प्यायला!"

"त्यो पन ह्याच्याच घरी," चांदभाई म्हणाले. "समदं खरं हाय, आप्पासाहेब. वर्सात किती सामने हरलो, तेवढं इचारा त्याला."

"एक!" मी तावातावाने म्हणालो, आणि तोंड उघडंच राहिलं.

आप्पासाहेब हसायला लागले. "अहो, मग नवा उस्ताद हाच, हे याला आधी सांगायचं की!"

"सांगितलं असतं, तर दर गोष्टीला मला इचारत बसला असता. माझ्या उस्तादानं मला सांगून नेमलं. दोन वर्सं मी त्यांच्या तोंडाकडं बघत संघ निवडला. लई हरलो."

मला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

बाहेर पडतो तोच फक्रुद्दीन लंगडत आडवा आला. दुसऱ्या दिवशी गोऱ्या पलटणीशी सामना, आणि याचा गुडघा टम्म सुजलेला.

"यज्ञेश्वरभाऊ, उद्या मी खेळतोय न्हवं?"

चांदभाई शेजारीच वहाणा घालत होते. मान तिकडे वळत होती, ती मी आवरली.

"सूज उतरेपर्यंत नाही," मी म्हणालो. "उद्या तुझ्या जागी गोरक्ष."