खळ्यावर मांडलेली सोयरीक

गहिनीनाथ कॅनॉलच्या कचेरीत नकाशे काढायचा. बेलापूरच्या पुष्पावतीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं, तेवढ्यात आपल्याच हाताच्या नकाशामुळं तो तिचा मामा झाला.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. पोरीचे चुलते कारभारी म्हणाले, "सोयरिकीआधी नातं बघू. समदं कागदावर मांड." गहिनीनाथनं हौसेनं दोन्हीकडची माणसं मांडली. माणसाला गोल, नात्याला रेघ. कागद असा भरला की वाळत घातलेल्या शेवयांवरून कोंबडी फिरून गेल्यासारखा दिसायला लागला. कारभाऱ्यांनी गहिनीनाथच्या गोलावर बोट ठेवलं, रेघेनं निघाले, दुसरी रेघ आडवी आली तिथं वळले आणि थेट पोरीच्या आईपाशी, कडूबाईपाशी पोचले.

"ह्या रेघेवर 'भाऊ' लिवलंय. म्हंजे तू पोरीचा मामा."

"अहो काका, माझी रेघ तिथं वळत नाही! ती सरळ जामखेडच्या आत्याकडं जाते."

"चौकात मानूस कुठंबी वळतं," कारभारी म्हणाले. मामाला भाची देत नाहीत. विषय संपला.

"मामा, लग्नात शालू घ्याल न्हवं?" पुष्पावती दाराआडून म्हणाली. आवाज मात्र ओला होता.

त्यानं कागद पुन्हा पुन्हा काढला. इथला गुंता सोडवावा तर तिकडं रेघा एकमेकींवर चढत. एका कागदात तर तो स्वतःचाच सासरा निघाला. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, कागदावरचे गोल जागचे हलत नाहीत. माणसं हलतात.

त्यानं सगळ्यांना खळ्यावर बोलावलं. नातं असेल तिथं दोघांच्या हातात एक चऱ्हाट दिलं. चऱ्हाट सैल पडू द्यायचं नाही, आणि बाकीच्यांपासून होईल तेवढं लांब सरकायचं. हे दुसरं समजावून सांगावं लागलं नाही. सगळे भाऊबंदच होते. जामखेडची आत्या आली नव्हती, तिच्या जागी म्हैस बांधली. आत्यापेक्षा ती गप्प उभी राहते, असं गहिनीनाथच्या आईचं मत पडलं.

ओढाओढीत बराच गुंता सुटला. अडला तो कडूबाईच्या दोन दिरांपाशी, बन्सी आणि भीमापाशी. सख्खे भाऊ, पण बोलणं बंद.

"त्याच्या दोरीखाली मी मान वाकवनार न्हाई," बन्सी म्हणाला.

"मग वरून जावा की, भावजी," कडूबाई म्हणाली.

साठी उलटलेल्या बन्सीनं धोतर खोचलं आणि उडी मारली. खळ्यावरची चऱ्हाटं एकमेकांपासून सुटी झाली.

कारभारी गहिनीनाथचं चऱ्हाट हातानं चाचपत निघाले. वाटेत चौकच उरला नव्हता. सरळ म्हशीपाशी पोचले. तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"आत्याच हाय," शेवटी म्हणाले. "पोरगं मामा न्हाई."

कुणी काही बोलायच्या आत पुष्पावतीनं एक रिकामं चऱ्हाट उचललं, एक टोक गहिनीनाथच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून ओढलं. त्या दोघांना जागा द्यायची म्हणून सगळं खळं सरकलं. सरकता सरकता बन्सी आणि भीमा खांद्याला खांदा लागून उभे राहिले. दोघंही नाकासमोर बघत होते.

"लई ढकलू नकोस," भीमा म्हणाला.

"मी कुठं ढकलतोय," बन्सी म्हणाला. "पोरगी ओढतीया."