गावाचे नाव तोंडावर असलेला ठसा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ठसा आहे. माझ्या तोंडावर एका गावाचे नाव उलटे कोरलेले आहे. पहिल्या भेटीत प्रत्येक जण मान वाकडी करून मला वाचू पाहतो आणि मग हसून नाद सोडतो.

माझे मालक कातारी होते. लाकूड यंत्रावर फिरवून ते झाकणाचे डबे कातत आणि फिरत्या डब्यावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवत. शहरातला दुकानदार एकदा म्हणाला, गिऱ्हाईक विचारते डबा कुणाचा, तर काही नाव टाका. मालक स्वतःचे नाव टाकायला तयार होईनात. "लाकूड वाळवतो माझा भाऊ, कांड्या करतात शेजारच्या बायका. मी एकटाच कशाला मिरवू?" असे म्हणून त्यांनी लोहाराकडून गावाच्या नावाचा ठसा करून आणला. तो मी.

त्यांचा एक नेम होता. डब्यावर झाकण टेकवून ते हात काढून घेत. झाकण आपल्याच वजनाने सावकाश खाली उतरले, तरच मला तापवून डब्याच्या कोऱ्या तळावर टेकवत. नाही उतरले, तर डबा सरळ चुलीत. वर्षे गेली आणि लोक दुकानात 'डबा द्या' म्हणेनासे झाले, नुसते गावाचे नाव घेऊ लागले. गावातल्या सगळ्या कातारी घरांचा माल त्या एका शब्दावर खपू लागला. तेव्हा मी किती फुगलो होतो, काय सांगू!

पुढे मालकांचे हात कापू लागले आणि मी त्यांच्या थोरल्या लेकीकडे आलो. ती कामाला वाघीण, पण घाई तिच्या पाचवीलाच पुजलेली. एका पावसाळ्यात मोठी मागणी आली. वाळलेले लाकूड संपले, तेव्हा तिने ओले कातायला घेतले. झाकणे झकास उतरली. लाकूड वाळवणारे तिचे काका दारातच थांबून म्हणाले, "अगं, आज उतरतंय. ऊन लागू दे, मग बघ."

"झाकण उतरलं की ठसा, हा बाबांचाच नेम आहे ना?" ती म्हणाली.

काका दारातूनच माघारी वळले. दोनशे डब्यांवर मी उमटलो. मला कळत होते, पण लोखंडाला नाही म्हणता येत नाही.

उन्हाळ्यात लाकूड आक्रसले आणि झाकणे अडकून बसली. एका बाईंचे पत्र आले. त्यांच्या वडिलांच्या छातीत कळ आली, गोळ्या आमच्या डब्यात होत्या आणि डबा हातोडीने फोडावा लागला. वडील थोडक्यात वाचले. बाजारात गावाचे नाव शिवीसारखे घेतले जाऊ लागले. ज्यांनी ओल्या लाकडाला हातही लावला नव्हता, त्यांचेही डबे परत आले.

लेक कानस घेऊन माझी अक्षरे घासायला बसली. नवे नाव कोरून घेऊ, म्हणाली. मालकांनी तिच्या हातातून कानस काढून घेतली.

"नाव बदलून झाकण उघडणार आहे का, पोरी?"

ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी तिने मला फडक्यात गुंडाळले आणि घरोघर जाऊन, चूक माझी होती, असे सांगितले. एका घराने तिला पाणीही विचारले नाही. शेवटी मला काकांच्या हाती ठेवून ती परतली. आता काका लाकूड वाळले म्हणतील, तेव्हाच मी तापतो. दोन उन्हाळे गेले. अजून कुणी आमचे डबे फारसे मागत नाही.

मित्रांनो, तुम्ही कुठेही गेलात तरी तुमच्या घराचे, शाळेचे, गावाचे नाव तुमच्याबरोबर येते. ते जपा. ते तुम्ही एकट्याने कमावलेले नसते. घालवायला मात्र एकटा पुरतो.