मानखुर्दची खोली

"नळाला पाणी किती दिवसाला येतं?" तारामतीनं विचारलं.

शिवलिंगला हायसं वाटलं. याच प्रश्नाच्या भरवशावर तो रेणापूरहून सकाळच्या एसटीनं लातूरला आला होता. येताना बायकोला, गुरम्मालाही ठेवणीतलं लुगडं नेसायला लावून घेऊन आला होता. "दिवसाला न्हाई वैनी," तो म्हणाला, "रोज येतं. पहाटं येतं, पन रोज."

तारामतीनं नवऱ्याकडं पाहिलं. तिचा नवरा साहेबराव लातूरच्या अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीवर गँगमन होता आणि शिवलिंग मुंबईच्या मोठ्या लाइनीवर. दोघांचं काम एकच, रूळ तपासायचे आणि खडी सारायची. रेल्वेत अशा दोघांना एकमेकांच्या जागी बदली मागून घेता येते, त्याला सगळे म्युच्युअल म्हणतात. मुलीला स्थळ शोधावं तसा शिवलिंग कितीतरी वर्षं लातूरचा गँगमन शोधत होता. पण घरची भाकर सोडून मुंबईच्या रुळांवर जायला कोण तयार होणार? अखेर दुष्काळानंच ते जमवून आणलं. यंदा लातूरच्या नळाचं दर्शन दुर्लभ झालं होतं आणि घागरी वाहून तारामती मेटाकुटीला आली होती. त्यात छोटी लाइन बंद होणार अशी आवई उठली होती. मग साहेबरावाला कुठं फेकतील याचा नेम नव्हता.

छोटी बंद होणार म्हणत होते, पण मोठी काही येत नव्हती. लातूरचा जिल्हा झाला, कलेक्टर आला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, रेल्वे तेवढी आजोबांच्या वेळची राहिली. आपला पैसा मुंबईच्या खाडीत चाललाय, असं लोक हॉटेलात चहा पिताना बोलत. मानखुर्दच्या पुढं खाडीवर पूल बांधून लोकल पलीकडच्या नव्या शहरात न्यायचं काम निघालं होतं. कुणी किती पैसे घालायचे यावर सरकार आणि रेल्वे यांची वर्षानुवर्षं घासाघीस झाली आणि एकदाचा मुहूर्त लागला. शिवलिंग नेमका त्याच मानखुर्दला. सुट्टीवर आला की गावातले लोक त्याची टर उडवत, आमची रेल्वे तूच तिकडं चिखलात पुरून ठेवलीस म्हणत. तोही हसायचा. त्याला ना खाडीच्या लाइनीशी देणंघेणं होतं, ना लातूरच्या. त्याला घरी यायचं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात तो पोट भरायला मुंबईला गेला, रेल्वेत चिकटला आणि तिथंच अडकला. गावाची इतकी ओढ कुणाला असू नये. हुरड्याच्या दिवसांत त्याला घास गिळत नसे. डोळे मिटले की ज्वारीचं रान दिसायचं, आणि रानाच्या कडेला डोईवर पाटी घेऊन येणारी गुरम्मा दिसायची. आई होती तोवर गुरम्मानं सासू सांभाळली, मुलगी वाढवून तिचं लग्न लावलं, तीन एकर कसलं. सासू गेल्यावर तिनं विचारलं होतं, आता मी येऊ का तिकडं? त्यावर शिवलिंगनं तिला मुंबई सांगितली होती. पाय ठेवायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, बाईमाणसानं राहावं असं ते गावच नाही.

आज मात्र तो दुसरीच मुंबई सांगत होता. पगार वेळेवर होतो, दवाखाना रेल्वेचा आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहे. तारामतीचा चेहरा खुलत गेला तसा त्याला चेव चढत गेला.

"आन ऱ्हायचं कुठं, भाऊ?" तिनं विचारलं.

"रेल्वेची खोली मिळती की. मलाच मिळून सहा वर्षं झाली. पक्की हाय, नळ दाराशी."

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. शेजारी गुरम्मा बसली होती. तिनं मान वर केली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, ते गुंडाळायचं थांबली एवढंच.

तिला फसवायचं त्याच्या मनात कधीच नव्हतं. खोली मिळाली तेव्हा तो घाबरला होता. गुरम्मा आली तर चूल येणार, चूल आली की मुंबईच घर होणार, आणि मग रेणापूरला परत जायला काही उरणारच नाही. म्हणून त्यानं खोलीचं तिला सांगितलंच नाही, तिला गावातच ठेवलं. गावाचा दिवा विझू नये म्हणून एका माणसाला अंधारात बसवलं, हे त्याला आत्ता, परक्याच्या घरात, पहिल्यांदा कळलं.

तारामती हुशार बाई होती. ती गुरम्माकडं वळून म्हणाली, "अक्का, बाप्यांचं मी खरं धरत न्हाई. तुमी सांगा. तुमी ऱ्हायलाव न्हवं तिथं?"

शिवलिंगनं बायकोकडं पाहिलं. ती नाही म्हणाली की सगळं संपलं. आणि तिनं नाही का म्हणू नये, याचं एकही कारण त्याला सुचेना.

"हाव," गुरम्मा म्हणाली. "ऱ्हायले की."

मग ती सावकाश सांगू लागली. "खोली लहान हाय, पन दोघांला पुरती. खिडकी उगवतीला हाय. सकाळी ह्ये डबा घेऊन गेले की मी खिडकीत बसते. गाड्या जातेत, येतेत. आधी आधी आवाजानं झोप लागत न्हाई. मग मग एखादी गाडी आली न्हाई, तर जाग येती. सांजच्याला तवा टाकला की यांची पावलं वाजतेत. गरम भाकर ताटात पडती. कुनाची वाट बघायची न्हाई."

तारामतीच्या डोळ्यांत ती खोली उभी राहिलेली दिसत होती.

"येवढं चांगलं हाय तर सोडून काहून येऊन राहिलाव?"

"ह्यांचा जीव गावात हाय," गुरम्मा म्हणाली. "माजं काय, ह्ये असतील तिथं माजं घर."

साहेबरावानं अर्ज काढला. दोघांनी सह्या केल्या. तारामतीनं गुरम्माला कुंकू लावलं आणि तिथला बाजारहाट कसा असतो ते पुन्हा कधी निवांत सांगा म्हणाली.

स्टँडकडं जाताना शिवलिंग मागून चालत होता. इतक्या वर्षांचा नवस फळला होता आणि त्याला बायकोच्या बरोबरीनं चालायचं धाडस होत नव्हतं.

"तू तिकडं आली असतीस," तो शेवटी म्हणाला, "तर मग मी परत कुनाकडं आलो असतो?"

गुरम्मा चालत राहिली. रेणापूरची गाडी लागलेली दिसली तेव्हा तिनं विचारलं, "खोलीला खिडकी हाय का?"

"हाय."

"कुठल्या अंगाला?"

"मावळतीला."

ती थांबली. "मी उगवतीला सांगितलं की," ती म्हणाली. "तेवढं त्या बाईला कळवा. उगं फसवल्यावानी व्हईल."

आणि गाडीत चढून ती बायकांच्या बाकावर जाऊन बसली.