दोघांची फळी

नवलसिंगने फळीवर सांडलेलं ग्रीस चिंधीने पुसलं आणि तो बाकीच्या तिघांच्या मागे, विहिरीच्या कठड्याशी उभा राहिला. शहाद्याच्या तंत्रशाळेत त्रेसष्टच्या उन्हाळ्यात चौघांनी मिळून पंप बांधला होता. मधे टेकू, त्यावर लांब फळी, दोन टोकांना दोन बैठका. दोघं आळीपाळीने खाली-वर झाले की पाणी वर येई. आता प्रत्येकाने सरांपुढे सांगायचं होतं, काय साधलं आणि काय चुकलं.

दोन बैठकांची कल्पना नवलसिंगची. डोंगरातल्या काठी गावाकडच्या त्याच्या पाड्यात एखादा एकट्यानेच शेत निंदायला लागला, तर त्याचं सगळ्यांशी भांडण झालंय असंच लोक धरून चालत. एकट्याने पाणी काढायचं यंत्र त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आज कुणीतरी त्या बैठकांना बरं म्हणावं, अशी त्याला सकाळपासून ओढ लागली होती.

पितांबरने वायसर गळत होतं ते सांगितलं. बन्सीलालने फळीवर फिरवलेल्या आपल्या रंध्याचं कौतुक करून घेतलं. चुनीलाल सरांपुढेही घरच्या बोलीवर आला.

"सर, दोन मानसं लागतस, हाईच मोठी खोड शे. एकटा मानूस काय करी?"

"खरंय. सुट्टीनंतर जूनमध्ये एक बैठक काढून दांडा बसवा," सर म्हणाले. "नवलसिंग, तुझं काय?"

नवलसिंगने तिघांकडे पाहिलं. त्यांचं सगळं लक्ष गावी नेणाऱ्या एस्टीकडे लागलेलं. वर्षभर त्याने शाळेतलं मराठी जपून जपून वापरलं होतं. आज तेही ऐनवेळी दगा देऊन गेलं.

"खोड आहे, सर."

तिघं थट्टामस्करी करत स्टँडकडे गेले. नवलसिंगची डोंगराकडची गाडी उद्या होती. तो फळीच्या एका टोकावर बसला. टोक खाली गेलं, भसकन पाणी आलं आणि थांबलं. समोरची बैठक वर तशीच राहिली. अख्ख्या वर्षात वाटलं नव्हतं इतकं त्याला एकटं वाटलं.

शाळेची झाडलोट करणारी छबूबाई हंडा घेऊन आली. तिने हंडा पंपाच्या नळाखाली ठेवला आणि पदर खोचला.

"ऊठ थोडा, भाऊ. ती बैठक खाले येऊ दे, माले बसू दे."

ती समोरच्या बैठकीवर बसली, फळी तिच्या बाजूला झुकली आणि नवलसिंग अलगद वर गेला. हंड्यात धार पडू लागली.

"भारी शे रे! कोनी बनाडं?"

नवलसिंगने स्टँडच्या रस्त्याकडे पाहिलं. गाडी निघून गेली होती, धूळ अजून बसायची होती.

"आम्ही चौघांनी," तो म्हणाला आणि त्याने आपलं टोक खाली दाबलं.