चार श्वास मोजून

आंधळ्यानेही डोळ्यांवर पट्टी बांधावी, असा ध्वनी टेबल टेनिसचा नियम आहे. कुणाला किंचित उजेड दिसत असेल, तर त्याचा फायदा नको. साकामाकींना जन्मापासून काहीच दिसलेलं नव्हतं, तरी दर गुरुवारी हामादा शहरातल्या अपंग कल्याण केंद्रात ते पट्टी घट्ट आवळत. नियम म्हणजे नियम.

आत छर्रे असलेला चेंडू जाळीखालून घरंगळत येतो, तो आवाजावर ओळखायचा. म्हणून खोलीत टाळी नाही, खोकलासुद्धा नाही. सर्व्हिस करणारा आधी विचारतो, "येऊ?" समोरचा म्हणतो, "या." मगच चेंडू सुटतो.

हा "येऊ?" जूनपासून साकामाकींना ऐकू येईनासा झाला होता. डावा कान आधीच गेला होता, आता उजवाही निघाला होता. मालिशचा धंदा सत्तरीत बंद केला, बायको त्याआधीच वारली. आठवड्यात उरलं होतं ते हे एक टेबल. तेही गेलं असतं तर गुरुवारचाही बुधवार झाला असता, आणि बुधवार आपण कसा काढतो हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

म्हणून त्यांनी तोड काढली. समोरच्या नोनोमुराबाई चेंडू हाती आला की चार श्वासांनी विचारतात. साकामाकी चार मोजत, "या" म्हणत आणि अंदाजाने बॅट फिरवत. हरत. पण हरणारा म्हातारा कुणाला खटकत नाही.

त्या गुरुवारी बाईंची पट्टी सैल झाली. त्यांनी हात वर केला, पंच इगुचीने खेळ थांबवला. साकामाकींनी चार मोजले, "या" म्हणाले आणि सपकन बॅट फिरवली. चेंडू बाईंच्या मुठीतच होता.

खोलीत काय झालं ते त्यांना कळलं नाही. मग उजव्या कानापाशी ऊन श्वास लागला.

"कधीपासून?" बाई ओरडल्या.

"काय कधीपासून?"

"बहिरेपणा!"

"जरा दडे बसलेत. सर्दीनं."

"चार महिने सर्दी? अन् मी सगळ्यांना सांगत सुटले, साकामाकीसान म्हातारपणी सुधारले, आताशा उलटून बोलत नाहीत!"

इगुची पालिकेचा माणूस, मदतीला लगेच धावला. तोही कानाशी येऊन ओरडला, "काळजी नको, साकामाकीसान! ऐकू न येणाऱ्यांचा वेगळा विभाग आहे खाली. खुणांच्या भाषेचा वर्ग असतो. सिनेमे असतात, खाली अक्षरं येणारे."

"अक्षरं," साकामाकी म्हणाले.

इगुची पुन्हा कानाशी वाकला. "मातीकाम?" त्याने विचारलं. "तेही छान असतं."

"डाव अर्धा राहिलाय," बाई ओरडल्या. "पुरा करायचा की रडायचं?"

ते जागेवर उभे राहिले. पुढचा चेंडू सरळ बॅटवर येऊन लागला. त्याच्या पुढचाही. साकामाकींनी मुद्दाम बॅट कोपऱ्यात सरकवली. ती लाकडावर घासली असणार, आणि बाईंच्या कानांना तेवढं पुरे होतं. चेंडू कोपऱ्यात आला, हळूच, ताटात वाढावा तसा. साकामाकींनी तो परत लोटला. बाई चुकल्या. मग पुन्हा चुकल्या.

"अकरा-पाच!" इगुची कानात ओरडला. "जिंकलात!"

एकोणीस वर्षांत बाईंनी त्यांना एक गुण फुकट सोडला नव्हता. साकामाकींनी बॅट टेबलावर ठेवली आणि कमरेत वाकून रीतसर आभार मानले.

पुढच्या गुरुवारच्या खेळात नाव घालू ना, असं इगुचीने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते ऐकू आलं.

"नको," साकामाकी म्हणाले. "मातीकामात टाका."