आकृती कोणी काढली

बेडकाची आकृती पडद्यावर आली तेव्हा काकू पर्समध्ये खोकल्याची गोळी शोधत होत्या. त्यांनी सहज वर बघितलं आणि हात पर्समध्येच राहिला. शिरांचं ते जाळं, ठिपके देऊन आणलेली छटा, बाजूला सारलेलं काळीज. त्यांनी स्वतः काढलेला बेडूक भिंतीएवढा होऊन समोर पसरला होता.

लेखक आणि प्रकाशकांच्या परवाना संस्थेची वार्षिक सभा चालू होती. काकूंचे यजमान प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि या संस्थेचे उपाध्यक्ष. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून सरांचे विद्यार्थी त्यांच्या बायकोला काकू म्हणायला लागले आणि पुढे तेच नाव चिकटलं.

व्यासपीठावर संस्थेची अधिकारी बोलत होती. तिशीतली, भराभर बोलणारी मुलगी. नव्या सभासदांना ती कारभार समजावून सांगत होती.

"कॉलेजला एखाद्या पुस्तकातली चार पानं विद्यार्थ्यांसाठी झेरॉक्स करायची असली, तर ते लेखकाला शोधणार कुठे? आणि लेखक तरी किती कॉलेजांच्या मागे धावणार? म्हणून तुम्ही तो हक्क आमच्याकडे सोपवता. आम्ही सगळ्यांच्या वतीनं कॉलेजला एकच परवाना देतो. कुठल्या पुस्तकातली कुठली पानं निघतात याची पाहणी करतो आणि जमलेल्या फीमधून लेखकाला, प्रकाशकाला आणि चित्रं असतील तर चित्रकाराला वाटा पोचवतो." तिनं पडद्याकडे हात केला. "यंदा सगळ्यात जास्त कॉपी झालेलं पान हे, सरांच्या पुस्तकातलं. आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे आकृत्याही सरांनी स्वतः काढल्यात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उठले.

काकूंना वाटलं, आता हे हसतील आणि म्हणतील, छे हो, मला साधी रेघ धड मारता येत नाही, आकृत्या हिच्या. सरांनी हात जोडले, मान लववली आणि ते खाली बसले.

काकूंच्या शेजारी पुस्तकाचे प्रकाशक बसले होते. बटर पेपरात गुंडाळलेल्या त्या आकृत्या काकूंच्या हातून घेऊन जाणारे हेच गृहस्थ. ते आता आपल्या बुटांकडे बघत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?" काकूंनी विचारलं.

"वहिनी, आपण नंतर बोलू या का?" ते पुटपुटले.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लग्नाआधी काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या. सरांनी पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा घरात मेणाचे ट्रे आले, टाचण्या आल्या, डोळ्यांना झोंबणारा औषधी वास आला. ओट्यावर एका बाजूला भाजी चिरलेली आणि दुसऱ्या बाजूला झुरळ उताणं टाचलेलं, असे कितीतरी महिने गेले. सर प्राणी चिरायचे, अवयवांची नावं सांगायचे. ते काम त्यांचं, आणि ते चोख होतं. पण चिरलेल्या बेडकात पुस्तकातल्यासारखं काही दिसत नाही. आत सगळा राडा असतो. कुठली शीर उचलून बाजूला दाखवायची, यकृत किती वर सारायचं, मुलांची नजर आधी कुठे जायला हवी, हे काकूंनी ठरवलं. एकेका आकृतीचे चार-चार कागद फाडले. आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत सरांनी काय लिहिलं? 'पत्नीने वेळोवेळी केलेल्या चहाबद्दल मी तिचा आभारी आहे.' तेव्हा काकू हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, चहा तरी चांगला होता म्हणायचा.

घरी आल्यावर त्यांनी पर्स टेबलावर आपटली.

"अहो, आकृत्या कोणी काढल्या?"

"अगं, त्या मुलीनं घाईघाईत म्हटलं. भर सभेत दुरुस्त्या काय करत बसायच्या?"

"तिला कोणी सांगितलं?"

सर जेवायला बसले होते. त्यांनी वाटी पुढे ओढली. "संस्थेत पुस्तक नोंदवताना विचारतात. चित्रकार वेगळा दाखवला की त्याची संमती आणा, करार आणा, नसती भानगड. आपलं पुस्तक आहे. तुझं-माझं असं काही आहे का आपल्यात?"

"तुमचं-माझं नव्हतं, तर माझं नाव का नाही सांगितलंत?"

"पैसे हवेत का तुला? सगळा वाटा घे. मी कधी हात धरलाय तुझा?"

"खोटं बोललास तू," काकू म्हणाल्या.

उभ्या संसारात त्यांनी सरांना अरे-तुरे केलं नव्हतं. सरांचा घास हातातच राहिला. काकूंनाही आपलाच आवाज परका वाटला, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. "लेखकांच्या हक्कांवर भाषणं ठोकतोस. नाव न घालता कोणी परिच्छेद उचलला तर चोर म्हणतोस त्याला. आणि स्वतः काय केलंस? टाळ्या घेतल्यास माझ्या कामाच्या!"

दुसऱ्या दिवशी काकू संस्थेच्या कचेरीत गेल्या. लिफ्ट बंद होती. जिने चढून वर पोचेपर्यंत राग कमी होईल असं त्यांना वाटलं होतं. तो वाढलाच.

अधिकारी मुलगी लगबगीनं उठली. "काकू, तुम्ही? बसा ना. सरांचं काही काम होतं का?"

"माझं आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

मुलीचा चेहरा उतरला. "तुम्ही आकृत्यांचे हक्क सरांना किंवा प्रकाशकांना लिहून दिले होते?"

"मला कोणी कधी काही विचारलंच नाही, तर लिहून काय देणार?"

"मग हक्क तुमचाच आहे. म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुमच्या संमतीशिवाय या पानांचा परवाना देत आलो." तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. "सर उपाध्यक्ष. त्यांच्या शब्दावर शंका घ्यायचं मनातच आलं नाही."

"माझ्या मनात तरी कुठे आलं होतं? आता मी काय करू शकते?"

"तुम्ही हक्क सांगितलात की सरांना जाणारा चित्रकाराचा वाटा थांबतो आणि समितीपुढे दोन्ही बाजू ऐकल्या जातात. आणि तुम्हाला हवं असेल तर आकृत्या परवान्यातून काढूनही घेता येतील. मग त्या पानांची कॉपी करू नका असं कॉलेजांना कळवावं लागेल." तिनं आवाज खाली आणला. "पण काकू, परीक्षा जवळ आल्यात. मुलांची अडचण होईल."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. कुठल्याशा वसतिगृहात आपला बेडूक पुढ्यात घेऊन पाठ करणारी मुलं त्यांना दिसली. मुलांचा काय दोष? पण गप्प बसायचं नाही म्हटलं की नेमकं कोणीतरी असं मधे उभं राहतं. कधी मुलं, कधी पाहुणे, कधी घराची अब्रू.

"काढा," त्या म्हणाल्या. "सगळ्या काढा."

कॉलेजांना कळवलं गेलं आणि घरचा फोन घणघणायला लागला. सर प्रत्येकाला 'तांत्रिक अडचण' म्हणून सांगत. प्रकाशक धापा टाकत आले. "वहिनी, नवी आवृत्ती छापायला गेलीय. एवढं ताणू नका. काय हवं ते सांगा."

"समितीपुढे खरं सांगा."

"सरांची आणखी तीन पुस्तकं माझ्याकडे आहेत हो."

"मग ती सांभाळा," काकू म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

समितीत सगळे सरांचे जुने स्नेही. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि वेळेआधी आलेले सर. अध्यक्ष मोठे कादंबरीकार होते. ते गोड हसून म्हणाले, "वहिनी, हा तुमच्या घरातला मामला. आपण तो प्रेमानं मिटवू या. पुढच्या आवृत्तीत सर तुमचे आणखी छान आभार मानतील."

"घरातला मामला असता तर टाळ्या घरात वाजल्या असत्या," काकू म्हणाल्या. "तुमच्या कादंबरीवर उद्या तुमच्या भावानं स्वतःचं नाव घातलं आणि आत तुमचे आभार मानले, तर चालेल?"

अध्यक्षांचं हसू मावळलं.

अधिकारी मुलीनं घसा साफ केला. नोकरी करणाऱ्या माणसानं उपाध्यक्षांसमोर बोलणं सोपं नव्हतं. तरी ती म्हणाली, "संस्थेनं चौकशी न करता नोंद केली. चूक आमची आहे, आणि ती इथे मान्य व्हायला हवी."

सर म्हणाले, "हिनं मदत केली, मी नाकारत नाही. पण शास्त्र माझं आहे. मी दाखवलं, तिनं गिरवलं."

गिरवलं! काकू उठल्याच. पण त्यांच्या आधी प्रकाशक बोलले, टेबलाकडे बघत, घाईघाईनं, पुन्हा धीर होणार नाही अशा भीतीनं. "आकृत्या मी वहिनींच्या हातून घेतल्या. शेवटच्या दोन तर माझ्यासमोर पुऱ्या केल्या त्यांनी. सर तेव्हा परगावी होते. मी आधीच बोलायला हवं होतं."

सरांनी कागद गोळा केले, खुर्ची सरकवली आणि कोणाकडेही न बघता बाहेर गेले. उपाध्यक्षपदाचा राजीनामा त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवला. त्यात प्रकृतीचं कारण होतं.

चित्रकार म्हणून काकूंची नोंद झाली. प्रत्येक आकृतीखाली नाव छापायचं आणि कॉपीतही ते कापायचं नाही, या अटीवर त्यांनी आकृत्या परवान्याला परत दिल्या. परीक्षेआधी मुलांना पानं मिळाली. चित्रकाराचा आजवर घेतलेला वाटा काकूंना देणार का, असं संस्थेनं सरांना विचारलं. त्यांनी निमूट दिला.

घरात मात्र बोलणं तुटलं होतं. सर स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायला लागले. तो फार कडू व्हायचा. काकू बघायच्या आणि साखरेचा डबा पुढे सरकवायच्या नाहीत.

एका सकाळी सर त्यांच्यासमोर येऊन बसले. किती तरी वेळ पेपरची घडी घालत राहिले.

"मला वाटलं होतं, तुला काही वाटणार नाही," ते म्हणाले.

"तेच तर," काकू म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. मग चाचरत विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे."

"किती दिवस राहील?"

"ते मला काय माहीत? येऊ दिला तोच पहिल्यांदा." त्या उठल्या आणि बाहेर जायला चपला घालू लागल्या.